कोशिंबीर, हिरडा आणि लोह

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले भाजीपाल्याचे तालुके. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट लागतात, ओतूर-आळेफाट्याला कांदा उतरतो, मंचरच्या बाजारात सर्व तऱ्हेची तरकारी येते आणि सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांनी हे घडवले. पण इथल्याच घरातल्या रोजच्या ताटात डोकावले, तर भाकरी, कालवण, ठेचा आणि फार तर कांद्याची एखादी फोड दिसते. कोशिंबीर सणाला किंवा पाहुणे आले तर. पंगतीतही तिची जागा पानाच्या डाव्या बाजूला, मीठ-लिंबाच्या शेजारी, चमचाभर.

2023 च्या जुलैत टोमॅटोने देशभर शंभर रुपये किलोचा टप्पा ओलांडला आणि सप्टेंबरात तो पार कोसळला. भाव पडला की टोमॅटो बांधावर किंवा रस्त्याकडेला ओतला जातो. बाजाराचे ते गणित वेगळे आहे आणि कोशिंबिरीने ते सुटणार नाही. तरीही, जिथे भाजी पिकते तिथल्या मुलांच्या पोटात ती किती जाते, हा प्रश्न शिक्षकांनी विचारण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या व फळे जायला हवीत. डाव्या बाजूच्या चमचाभराने हा हिशेब पुरा होत नाही.

आम्हाला इथे विशेष करून लोहाविषयी बोलायचे आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. जंत, मासिक पाळी, बाळंतपणे, एकूणच अपुरे अन्न. पण एक कारण थोडे चकवणारे आहे. बाजरीत लोह बऱ्यापैकी असते, पालेभाज्यांतही असते. ते पोटात जाते खरे, पण त्यातला थोडाच भाग रक्तात पोहोचतो. वनस्पतींतले लोह फायटेट आणि टॅनिन या पदार्थांशी जखडले जाते आणि आतड्यातून तसेच पुढे निघून जाते.

हे जखडणे डोळ्यांनी पाहता येते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू या दोन तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातच गोळा होते. भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगररांगेतले आदिवासी बांधव हिरडा गोळा करून विकतात. कोवळा, सुकवलेला तो बाळहिरडा. हिरड्याचा तुकडा चघळला की तोंड कोरडे पडते, जीभ आक्रसल्यासारखी होते. हिरड्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते, म्हणून असे होते. आता हिरड्याची चमचाभर पूड पेलाभर गरम पाण्यात भिजवून गाळून घ्यावी. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवावे. दोन्ही एकत्र करताच मिश्रण गडद होऊ लागते आणि हवा लागली की काळेभोर होते. जुन्या काळची लिहिण्याची शाई अशीच करत. लोह आणि टॅनिन यांची घट्ट जोडी जमली, तीच ही शाई.

हिरड्याऐवजी दाट कोरा चहा घेतला तरी पाणी काळे पडते. आता सकाळी चहात भाकरी कुस्करून शाळेत येणाऱ्या मुलाचा विचार करावा. भाकरीतल्या लोहाची गाठ त्याच घासात चहातल्या टॅनिनशी पडते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चहाबरोबर घेऊ नये, ती याच कारणाने. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे, एवढे तरी घरी सांगता येईल.

शाईच्या पेल्यात आता लिंबू पिळावे. रंग फिका पडत जातो. लिंबातल्या आम्लामुळे ती जोडी सैल होते. पेल्यात घडते तेच जसेच्या तसे पोटात घडते असे मात्र नाही, आणि विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगावे. पोटात क जीवनसत्त्वाचे काम दुहेरी असते. ते लोहाला फेरिक रूपातून फेरस रूपात आणते आणि विरघळलेल्या अवस्थेत ठेवते. आतड्याचे अस्तर लोह शोषून घेते ते या फेरस रूपात. अट एकच, क जीवनसत्त्व त्याच जेवणात असले पाहिजे. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या भाकरीच्या उपयोगी पडत नाही. म्हणून ताटातले लिंबू, आवळा, टोमॅटो, कोबी, कोथिंबीर यांना आम्ही शोभेची वस्तू मानत नाही. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू पिळलेली वाटीभर कोशिंबीर असेल, तर त्याच भाकरीतून शरीराला अधिक लोह मिळते.

क जीवनसत्त्व कशात किती, याचा ढोबळ अंदाज वर्गात घेता येतो. भाताची पातळ पेज पाण्याने आणखी पातळ करून तिच्यात आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पेज निळी होईल. तिच्यात लिंबाचा रस थेंब थेंब टाकत निळा रंग जाईपर्यंत मोजावे. मग तेवढ्याच पेजेत आवळ्याचा रस, टोमॅटोचा रस, शिजवलेल्या टोमॅटोचा रस असे करून पाहावे. जितके थेंब कमी, तितके क जीवनसत्त्व जास्त. आयोडीनचा रंग घालवणारे इतरही पदार्थ असतात, तेव्हा ही मोजणी काटेकोर नव्हे, तुलनेपुरती आहे. चिरून दोन तास उघडी ठेवलेली कोबी आणि ताजी चिरलेली कोबी यांची तुलनाही करावी. क जीवनसत्त्व हवेने आणि उष्णतेने नासते, पाण्यात विरघळून जाते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि जेवायच्या थोडेच आधी चिरावी, हा घरातला नियम यातूनच येतो.

मग सगळे कच्चेच खावे काय? नाही. गाजराचा कीस आणि बिटाचा कीस घेऊन प्रत्येकी दोन बाटल्या कराव्यात, एकीत पाणी, एकीत गोडेतेल. हलवून तासभर ठेवल्यावर बिटाचा रंग पाण्यात उतरलेला दिसतो आणि गाजराचा तेलात. गाजरातले कॅरोटीन स्निग्ध पदार्थातच विरघळते, आणि शरीराला त्यापासून अ जीवनसत्त्व करायचे असेल तर जेवणात थोडे तेल-तूप लागते. नुसत्या कापलेल्या गाजराच्या चकत्यांपेक्षा किसलेले गाजर, वर शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर फोडणी, ही आपली जुनी रीत त्या दृष्टीने अगदी योग्य आहे. किसल्याने पेशींच्या भिंती फुटतात, कुटातून व फोडणीतून तेल मिळते. टोमॅटोच्या लाल रंगातले लायकोपीन तर शिजवल्यावर अधिक मिळते. तेव्हा टोमॅटोची आमटी आणि टोमॅटोची कोशिंबीर यांत भांडण लावण्याचे कारण नाही.

कोशिंबीर बिघडते ती बहुधा पाणी सुटून. चोचवलेल्या काकडीवर मीठ पडले की पेशींच्या बाहेर खारे पाणी तयार होते आणि आतले पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते. दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी पाणी साचते. ते पिळून फेकले तर जीवनसत्त्वेही त्याबरोबर जातात. त्यापेक्षा मीठ अगदी शेवटी, वाढताना घालावे. कूट पाणी शोषते, म्हणून तेही त्याच वेळी. सुटलेले पाणी भाकरीच्या पिठात किंवा कढीत वापरता येते.

कांद्याचे प्रकरण आणखी रंजक आहे. अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो. त्याच्या पेशीत गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि त्याच्यावर काम करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांना पाणी आणणारा वायू तयार होतो. यात आणखी एक स्वतंत्र विकर भाग घेते, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवले. शेतात बुक्की मारून फोडलेल्या कांद्यात धारदार सुरीने चिरलेल्या कांद्यापेक्षा जास्त पेशी चिरडतात. त्याचा झणका निराळा लागतो तो यामुळे. मुलांना तिखट लागत असेल तर चिरलेला कांदा पाण्यातून एकदा काढावा.

मोहरीचेही असेच. पाण्यात फेसलेली मोहरी नाकात जाते, पण फोडणीत तडतडलेली मोहरी नुसती खमंग लागते. मोहरीचा झोंबणारा पदार्थ विकराच्या मदतीने पाण्यात तयार होतो आणि उकळत्या तेलात ते विकरच मरते. केळ्याच्या रायत्याला फेसलेली मोहरी आणि काकडीला फोडणी, असा बदल केला तरी घरात दोन वेगळ्या चवी होतात.

विविधता आणायला परदेशी भाज्या लागत नाहीत. हिवाळ्यात मुळा पाल्यासकट, नवलकोल, कांद्याची पात, मेथीचा घोळाणा, हरभऱ्याचा कोवळा आंबूस पाला. उन्हाळ्यात कैरी-कांदा. पावसाळ्यात काकडी आणि शेतात तण म्हणून उपटली जाणारी घोळ. घोळीच्या पानांत उपयुक्त मेदाम्ले असतात, पण ऑक्झॅलेटही बरेच असते. दह्यात कालवली की दह्यातले कॅल्शियम त्याला बांधून ठेवते. जिथे बागायत नाही अशा पूर्वेकडच्या कोरड्या गावांत मटकी आणि हुलगे आहेत. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते, पण मोड येताना बी स्वतःच ते तयार करते आणि फायटेटही कमी होते. लोहाच्या दृष्टीने हा दुहेरी फायदा. मोड मात्र दमट उबेत येतात आणि जंतूंनाही तीच ऊब आवडते, म्हणून लहान मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी त्यांना वाफ द्यावी.

काही गोष्टी कच्च्या खायच्याच नाहीत. पावटा, घेवडा यांच्या दाण्यांतली काही प्रथिने पचनात अडथळा आणतात. शिजवल्यावर ती निकामी होतात. पहिल्या पावसात डोंगरात उगवणारे शेवळ आणि आपले अळू यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. शेवळात काकडाची आंबट फळे आणि अळूत चिंच घालून शिजवण्याची पद्धत ज्यांनी शोधली, त्यांना स्फटिकांची माहिती नव्हती, पण परिणाम नेमका ठाऊक होता. अनोळखी रानभाजी चाखून पाहण्याचा प्रयोग मुलांना मुळीच करू देऊ नये. गावातल्या जाणत्या बाईला विचारावे.

धुण्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. टोमॅटो, काकडी, कोबी यांवर फवारणी होते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरची माती, जंतू आणि पृष्ठभागावरच्या औषधाचा काही भाग जातो. झाडाने आत शोषलेले औषध धुऊन जात नाही. म्हणून फवारणी आणि तोडणी यांत बाटलीवर लिहिलेले दिवस पाळले जाणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ही बाटली वाचणारे घरातले पहिले माणूस पुष्कळदा आठवीतला विद्यार्थीच असतो. कोबीची बाहेरची दोन पाने काढून टाकावीत. शाळेच्या पोषण आहारात कच्ची कोशिंबीर द्यायची असेल तर पिण्याचेच पाणी वापरावे, कीस वाढण्याआधी अर्ध्या तासात करावा आणि लिंबू मुलांसमोर पिळावे.