कुंपणानं शेत खाऊ नये म्हणून

रहिमतपूर भागातल्या शेतकरी बंधूंना आणि शिक्षक मित्रांना आज एक प्रश्न विचारतो. एखाद्या मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग दिसला, की आपण काय म्हणतो? "कोड उठलं!" मग वर्गात तिच्या शेजारी कुणी बसत नाही, आणि पुढं सोयरीक जुळताना तोच डाग आडवा येतो. पण कोड स्पर्शानं लागत नाही. ते पापाचं फळ नव्हे आणि कुष्ठरोग तर नव्हेच. मग ते होतं कशानं? शरीराचं कुंपणच शेत खाऊ लागतं, म्हणून.

रोगजंतूंपासून आपली राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात असतात. त्यांतल्या 'टी' पेशींच्या अंगावर 'ग्राही' नावाचे सूक्ष्म रेणू असतात. किल्ली जशी ठराविक कुलपालाच लागते, तसा ग्राही ठराविक घडणीच्या तुकड्यालाच चिकटतो. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला ठाऊक नसतं; म्हणून ते नाना तऱ्हेच्या किल्ल्या आधीच घडवून ठेवतं. साहजिकच त्यांतल्या काही आपल्याच घराच्या कुलपाला लागतात!

यावर पहिला उपाय थायमस ग्रंथीत होतो. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागं असते. तिथं टी पेशींची जणू परीक्षाच घेतली जाते. जिचा ग्राही स्वतःच्या शरीराला घट्ट चिकटतो, ती पेशी बहुधा तिथंच संपवली जाते. तरी काही निसटतातच. त्यांना कोण आवरतं?

१९९५ साली जपानचे शिमॉन साकागुची यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून याचं उत्तर दिलं. काही टी पेशींचं काम लढण्याचं नसून लढणाऱ्यांना आवरण्याचं असतं. त्या नियामक पेशी. टी पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ नावाचं द्रव्य लागतं. नियामक पेशींवर ते धरणारे ग्राही भरपूर असतात. वरच्या अंगाला दारं मोडून पाणी घेतलं, की खालचे वाफे कोरडे राहतात ना? तसंच इथं घडतं. नियामक पेशी हे द्रव्य ओढून घेतात आणि भरकटलेल्या पेशींची वाढ खुंटते. नियामक पेशींच्या या शोधासाठी साकागुची यांना मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

कोडात हा आवर अपुरा पडतो. टी पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतात. रंग तेवढा जातो. माणूस होतं तसंच असतं. मलमानं आणि प्रकाशोपचारानं अनेकांचा रंग काही प्रमाणात परतही येतो. म्हणून डाग दिसताच डॉक्टरांना दाखवावं. डाग बधिर असेल तर मुळीच वेळ लावू नये. कारण तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि तोही औषधानं बरा होतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली कोड असलेल्या एका मुलीवर 'नितळ' हा चित्रपट काढला. जमल्यास तो मुलांना दाखवा. आणि गुरुजी, आपल्या वर्गात अशी मुलगी असेल, तर तिला सगळ्यांच्या मधोमध बसवा. तिच्या शरीरातलं कुंपण चुकलं असेल. गावाचं कुंपण तरी चुकू नये.