एकट्या आईची साक्ष

ओळखीतलं आणखी एक मराठी कुटुंब ‘फायनल एक्झिट’ (कायमचं परतण्याचा व्हिसा) घेऊन सौदीतलं रियाध सोडतंय. त्यांच्या कागदपत्रांत मुलाचा एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या निदानाचा अहवाल आहे. सगळी मदार आईने भरलेल्या एका प्रश्नावलीवर. तो अहवाल वाचून जुना राग उसळला.

कीथ कॉनर्स यांनी 1969 मध्ये शिक्षकांसाठी अशी प्रश्नावली आणली, पाठोपाठ पालकांसाठी. पुढे व्हँडरबिल्ट वगैरे आल्या. तो इतिहास एवढाच पुरे. रियाधमधल्या आम्ही मराठी कुटुंबांनी भोगलं ते 2010 नंतरचं दशक.

व्हँडरबिल्टच्या पालक-फॉर्ममध्ये 55 प्रश्न. लक्षणांच्या प्रश्नांना शून्य ते तीन गुण. दोन किंवा तीन दिले की लक्षण धरलं जातं. मूल सारखं पळतं, चढतं का? पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, बंद फ्लॅटमध्ये ते पळणार सोफ्यावरूनच! सौदीतल्या सगळ्याच बायकांप्रमाणे आईलाही 2018 पर्यंत गाडी चालवायची परवानगी नव्हती. बागेत न्यायचं तर नवऱ्याची वाट बघायची. दुपारभर मुलासोबत ती एकटी. ती तीन गुण द्यायची, रात्री उशिरा येणारा बाप म्हणायचा, “मीही असाच होतो.” शाळेच्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा. लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, हा नियम कागदावरच. तरी पहिल्याच भेटीत निदान हातात!

मात्र काही मुलांना खरोखरच त्रास होता. गावाहून फोनवर “तूच लाडावून ठेवलंयस” म्हणणाऱ्यांपेक्षा हा फॉर्म बरा. त्याने आईला किमान विचारलं तरी.

त्यातच जुलै 2017 पासून सौदीत परदेशी कामगारांच्या कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिना 100 रियाल कर लागला, 2020 पर्यंत तो 400 झाला. घरं रिकामी झाली. शुक्रवारची एकत्र जेवणं गेली आणि “आमच्याकडे तर दोन तास चित्रं काढत बसतो” असं सांगणाऱ्या शेजारच्या मावशीही गेल्या. आईखेरीज मुलाला ओळखणारं तेवढंच माणूस होतं.

2020 मध्ये सौदी एडीएचडी सोसायटीची निदान-उपचारांबद्दलची मार्गदर्शिका आली. केवळ प्रश्नावलीवरून निदान करू नये, हे ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनेही बजावलंय. अमेरिकेतल्या वाढत्या निदानांना खुद्द कॉनर्स यांनी 2013 मध्ये राष्ट्रीय आपत्ती म्हटलं होतं. आता तर आया मोबाइलवर गुण काढूनच दवाखान्यात येतात. त्यांना दोष कसा देणार? दुसरा साक्षीदार शोधणं हे डॉक्टरांचं काम. तेवढा वेळ नसेल तर निदानाची घाईही करू नये.