खुरप्याचे मानकरी

ज्या हरळीचा नायनाट करता करता दख्खनच्या काळ्या रानात शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या कुदळ हाती घेऊन घामाघूम झाल्या, आणि जिच्या एकवीस कोवळ्या जुड्या गणपतीच्या मस्तकी वाहताना जी दूर्वा म्हणून वंद्य ठरते, तीच वनस्पती शहरातल्या बंगल्याच्या आवारात आली, की हिरवळ या नावाने, दरमहा मेहनताना मोजून, जोपासली जाते. तेव्हा तण कोणते आणि शोभा कोणती, याचा फैसला मालकाच्या मर्जीवर राहतो. परंतु त्या फैसल्याची अंमलबजावणी ज्याच्या बोटांवर अवलंबून असते, त्या माळ्याची पारख करताना आपण भाजी निवडताना दाखवतो तेवढीही चिकित्सा दाखवत नाही.

आपल्या जुन्या बागा फळांच्या, फुलांच्या आणि सावलीच्या होत्या. मोकळ्या जागेत एकाच जातीचे गवत वाढवायचे आणि ते सतत कापून गालिच्यासारखे ठेवायचे, हा षोक इंग्रजांच्या छावण्यांतल्या बंगल्यांबरोबर पुण्यात रुजला. आमच्या आवारातही जेमतेम दीड गुंठा हिरवळ आहे, आणि तिच्यात लव्हाळा माजला तेव्हा मी प्रथम ज्या गृहस्थांना पाचारण केले, त्यांनी उक्ते काम ठरवून, दोन गडी लावून, एका दुपारी सारा लव्हाळा उपटून दिला, रोख पैसे घेतले आणि सलाम करून ते निघून गेले. पंधरवड्याच्या आत तो पूर्वीपेक्षा दाट उगवला. मी त्यांना दोष दिला. वास्तविक दोष माझ्या अज्ञानाचा होता.

कारण लव्हाळ्याचे खरे बिऱ्हाड जमिनीखाली असते. वर दिसणारी ती तीन-चार चकचकीत पाती म्हणजे केवळ दर्शनी ओसरी. खाली काळसर कंदांची माळ असते, एक कंद दुसऱ्याशी बारीक तंतूने जोडलेला, आणि शेंड्याकडचा कंद जोवर वाढतो आहे तोवर मागचे बहुतेक निद्रिस्त. वरचे पाते ओढले की तंतू तुटतो, आणि त्या निद्रिस्तांवरचा अंमल उठल्यामुळे प्रत्येक जण स्वतंत्र संसार थाटतो. जगातल्या तणांचा धांडोळा घेणाऱ्या 1977 सालच्या एका प्रसिद्ध ग्रंथात लव्हाळ्याला पहिला क्रमांक दिला आहे, तो उगाच नव्हे. तुकोबांनी महापुरात वाचण्याचा जो गुण नम्रतेचा दाखला म्हणून गौरविला, त्याच गुणाने बागवानांना जेरीस आणले आहे!

दुसऱ्या खेपेस शेजाऱ्यांच्या शिफारशीवरून आलेल्या माळीबुवांनी दराची गोष्टच काढली नाही. ते उकिडवे बसले, खुरप्याने मूठभर माती उकरली, एक दांडा चिमटीत धरून फिरवला (गवताचा दांडा बहुधा गोल, लव्हाळ्याचा तिकोनी, हा भेद डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो) आणि विचारले, “साहेब, लाल माती कुठनं आणली होती?” तीन वर्षांपूर्वी ट्रकभर लाल माती आणि शेणखत टाकले होते, त्यातून ही वसाहत आली, हे मला तेव्हा प्रथम उमगले. माळी नेमू इच्छिणाऱ्याने दुसरी कोणतीही परीक्षा घेऊ नये. येणारा मनुष्य आधी मातीकडे पाहतो की आधी क्षेत्रफळ विचारतो, एवढेच पाहावे.

त्यांचा करार महिनेवारी होता, आठवड्यातून एक फेरी. आदल्या संध्याकाळी पाणी देऊन माती मऊ करायची. पाते न ओढता खुरपे वीतभर खाली घालून कंद मातीसकट घमेल्यात घ्यायचे. खताच्या खड्ड्यात तो माल चुकूनही टाकायचा नाही. हिरवळ फार खाली कापण्याचा माझा हट्ट त्यांनी मोडून काढला, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही आणि दाट, किंचित उंच हरळीच त्याची कोंडी करते. ईशान्येकडचा कोपरा मात्र हाताबाहेर गेला होता. तो त्यांनी वैशाखात फूटभर खणून ढेकळांसह उन्हात पालथा घातला, कारण जो कंद खुरप्याला दाद देत नाही, तो वाळला की मरतो.

औषधाचा विषय मीच काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेले टू-फोर-डी आंबुशी, दुधी यांसारख्या रुंद पानांच्या तणांना मारते आणि गवताला सोडते, हे खरे. परंतु लव्हाळ्याचे ते पाते तेवढे जाळते, आणि वाऱ्याने त्याचा शिडकावा शेजारच्या टोमॅटोवर गेला तर ती पाने मुडपून जातात. ग्लायफोसेट कंदापर्यंत उतरते खरे, पण हरळीलाही सोडत नाही. कायद्याच्या भाषेत तणनाशक हेही कीटकनाशकच मानले जाते, त्याला 1968 चा कायदा लागू आहे, आणि ग्लायफोसेटची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांखेरीज इतरांनी करू नये असा हुकूम केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात काढला. म्हणून बिनलेबलाच्या बाटलीतून पंप भरणाऱ्यास फाटकाबाहेरूनच निरोप द्यावा. डब्यावरचा रंगीत त्रिकोण मालकाने स्वतः पाहावा, कारण लाल म्हणजे सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य.

मालकाकडेही एक कर्तव्य उरते. गाजर गवत, ज्याची भारतातली पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमारास पुण्यातच झाली, ते कुंपणाच्या कडेला उगवते आणि उघड्या हातांनी उपटणाऱ्याच्या कातडीवर खाज, पुरळ उठवते. हातमोजे देण्याची तजवीज मेहनतान्यात धरावी, त्यातून वजा करू नये.

दोन पावसाळे गेले. वाळलेल्या कंदांचे एक पोते माळीबुवांनी गच्चीच्या सिमेंटवर पसरले होते, आणि त्यांचा नागरमोथ्यासारखा वास ओळखून आमच्या मातोश्रींनी दिवाळीच्या उटण्यासाठी ओंजळभर मागितले. बुवा बराच वेळ घुटमळले. मग त्यांनी एकेक कंद नखाने दाबून पाहिला, सतरा मोजून दिले आणि म्हणाले, “आजी, कुटायच्या आधी अंगणात यातला एकबी सांडू देऊ नका.”