उगमापासून जात्यापर्यंत : पाणचक्कीची एक भेट

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांचे मराठवाड्याशी असलेले नाते जुने आहे आणि जिव्हाळ्याचेही आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा ही एकाच हैदराबाद संस्थानाची, पुढे राज्याची, दोन अंगे होती. औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही १९५६ सालीच. त्यापूर्वी तिकडच्या मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर त्याने ट्रंक उचलावी आणि उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी, असा रिवाज होता. आपल्यापैकी अनेकांचे वडील वा आजोबा असेच येथे आले आणि येथलेच होऊन राहिले.

त्यामुळे गतवर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही चार डॉक्टर सपत्निक अजंता एक्स्प्रेसने निघालो, तेव्हा प्रवासाला निघाल्यापेक्षा आजोळी निघाल्याचीच भावना मनात अधिक होती. वेरूळ-अजिंठा पाहणे हा मुख्य बेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे स्थायिक झालेला आमचा एक वर्गमित्र पहाटे स्थानकावर घ्यायला आला होता. चहा घेताघेताच तो म्हणाला, "लेणी कुठे पळून जात नाहीत. आज आधी पाणचक्की पाहू. पण मी दाखवीन तशी पाहायची, उलटीकडून."

"उलटीकडून म्हणजे काय रे?" असे आमच्यातल्या शल्यविशारदांनी विचारले, त्यावर तो नुसताच हसला. त्या 'उलटीकडून' पाहण्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

प्रथम थोडा इतिहास. मलिक अंबर या हबशी वंशाच्या, पण दख्खनच्या मातीशी एकरूप झालेल्या मुत्सद्द्याने १६१० मध्ये खडकी हे गाव निजामशाहीची राजधानी म्हणून वसवले. गाव वसवणे सोपे, त्याला पाणी पाजणे अवघड. नदी म्हणावी तर खाम; पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात दगड दाखवणारी. मलिक अंबरने जमिनीवर वाहणाऱ्या पाण्याचा नाद सोडून जमिनीखालच्या पाण्याचा शोध घेतला. शहराच्या उत्तरेकडील डोंगराच्या कुशीत पाझरणारे झरे भूमिगत नहरीत गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, त्याने ते नगरात आणले. १६१७ च्या सुमाराची ही 'नहर-ए-अंबरी'. तिचाच कित्ता पुढे इतरांनी गिरवला व आणखी नहरी तयार झाल्या. त्यांतीलच एक पाणचक्कीची.

पाणचक्की ज्या आवारात आहे, ते मध्य आशियातून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे आवार. १७४४ च्या सुमारास निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान या सरदाराने येथे नहर आणून चक्की बसवली. पुढे जमील बेग खानाने लांबट हौद व कारंजी बांधून त्या जागेला शोभा आणली. १७६३ मध्ये आसफजाही राजधानी हैदराबादला आली आणि औरंगाबादचे वैभव ओसरले. चक्कीचे काम मात्र चालूच राहिले. फकीर, यात्रेकरू, विद्यार्थी आणि अनाथ यांच्या भाकरीचे पीठ ती दळत असे.

मित्राने गाडी आधी दर्ग्याकडे न नेता शहराबाहेर, उत्तरेच्या टेकड्यांच्या दिशेने घेतली. पावसाळा सरत आला होता, गवत गुडघाभर वाढले होते. एका ठिकाणी उतरून पायवाटेने थोडे चालल्यावर गवतात चुनेगच्चीचे एक गोलसर तोंड दिसले. विहिरीसारखे, परंतु विहीर नव्हे. "कान लाव," मित्र म्हणाला. आम्ही पाळीपाळीने वाकलो. स्टेथोस्कोपची सवय असलेल्या कानांना खोलवरून येणारा तो क्षीण खळखळाट लगेच कळला. नहरीच्या वाटेवर ठेवलेले हे उसासे. यांतून आत उतरून गाळ काढता येतो, हवाही खेळती राहते.

येथे झरे कसे, हा प्रश्न साहजिक आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र वा झिजलेला असतो, तर त्याखालचा कठीण पाषाण आणि दोन थरांमध्ये मधूनमधून सापडणारा तांबड्या मातीचा पट्टा पाण्याला सहसा वाट देत नाहीत. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, अशा कठीण थरावर येऊन अडतो आणि आडवा सरकत उताराच्या कडेला झरा होऊन प्रकटतो. याचा अर्थ असा की झऱ्याचा खरा उगम त्याच्या मुखाशी नसतोच. तो वरच्या झाडीत, मातीत आणि मुरायला मिळालेल्या सवडीत असतो. माथा उघडा पडला, खाणीसाठी फोडला गेला किंवा सिमेंटखाली गेला, तर खालच्या झऱ्याला कोणी हात न लावताही तो आटतो.

तेथून आम्ही नहरीच्या वाटेने, म्हणजे गाडीतून अंदाजाने, शहरात उतरलो. दोन-तीन कोसांचे हे अंतर. ज्या भूमीखालून पक्क्या मातीचे नळ गेले आहेत तिच्यावर आज रस्ते, वसाहती, दुकाने उभी आहेत. आपल्या पायाखालून तीन शतकांपूर्वीचे पाणी जाते, याची कल्पना तेथे राहणाऱ्या किती जणांना असेल कोण जाणे. मित्र म्हणाला, "नळ कुठे फुटला तर कळते उशिरा. एखाद्या घराचा पाया खणताना, गटार टाकताना नहरीला धक्का बसतो. उन्हाळ्यात इथली धार बारीक होते, तेव्हा लोक म्हणतात पाऊस कमी झाला. पाऊस तर आहेच, पण वाटेतली गळती कोण मोजतो?"

सगळ्यांत शेवटी, महमूद दरवाजाजवळ, खाम नदीच्या काठी आम्ही पाणचक्कीपाशी पोहोचलो. एरवी पर्यटक जेथून आरंभ करतात तेथे आमचा शेवट झाला, आणि म्हणूनच ते दृश्य आम्हाला निराळे दिसले. उंच भिंतीत चढवलेले पाणी वरून पडद्यासारखे हौदात कोसळत होते. हे पाणी भिंतीत चढले कसे, असे सोबतच्या वहिनींनी विचारले. पंप नाही, मोट नाही. उगम उंचावर आहे. बंद नळातून आलेले पाणी आपल्या मूळ पातळीच्या जवळपास पुन्हा चढू पाहते, एवढेच. हृदयावाचून चाललेले रक्ताभिसरण, असे आमच्या हृद्रोगतज्ज्ञांनी त्याचे वर्णन केले. पाण्याचा लोट खालच्या पात्यांच्या चाकावर पडतो, चाकाचा उभा आस वरच्या दगडाला फिरवतो, खालचा दगड स्थिर राहतो. घरच्या जात्याचेच हे तत्त्व. फरक इतकाच की येथे खुंट्याला हात लावणारी गृहिणी नाही. वैरण घालायला माणूस असला की पुरे. पहाटे उठून पायलीपायली दळणाऱ्या आमच्या आज्यांनी हे जाते पाहिले असते तर त्यांनी तुर्कताज खानाला नक्कीच दुवा दिला असता.

हौदाचीही एक गंमत आहे. त्याचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते दालन भर उन्हाळ्यातही गार राहते. यात्रेकरू तेथे विसावत. काठावर एक जुना विशाल वटवृक्ष आहे. त्याच्या पारावर बसून आम्ही बराच वेळ काहीच बोललो नाही.

त्या शांततेत मला दोन रुग्ण आठवले.

पहिला, मी प्रशिक्षणार्थी म्हणून ग्रामीण आरोग्य केंद्रात असतानाचा. घोट्याजवळच्या फोडातून नारूचा पांढरा दोर बाहेर आलेला आणि त्याने तो काडीला गुंडाळून ठेवलेला. रोज बोटभर ओढायचा, तुटू द्यायचा नाही. माझ्याजवळ त्याला देण्यासारखे औषध नव्हते. नारूवर औषधही नव्हते, लसही नव्हती. गावात पायऱ्यांची विहीर होती. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, अळ्या पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव त्या गिळतो आणि तेच पाणी दुसरा पितो. वर्षभराने त्याच्या पायाला फोड येतो. हा फेरा तोडण्यासाठी पायविहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे, पाणी फडक्याने गाळून पिणे आणि हातपंप बसवणे, हाच काय तो उपाय होता. १९८० च्या दशकात राष्ट्रीय मोहीम हाती घेतली गेली, १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ज्या रोगापुढे आपली औषधपेटी रिकामी होती, तो रोग केवळ पाण्याची वाट बदलून देशातून गेला. बंद नळातून येणाऱ्या आणि कोणाचाही पाय न लागणाऱ्या नहरीच्या पाण्याचे महत्त्व मला त्या पारावर नव्याने उमगले. नहर बांधणाऱ्यांना सायक्लॉप्स ठाऊक नव्हता. पाणी उगमापासून ओंजळीपर्यंत झाकून आणावे, हे मात्र ठाऊक होते.

दुसरा रुग्ण खरे तर एक कुटुंब होते. आपल्याच शहरातले. आधी थोरला मुलगा कावीळ घेऊन आला, मग धाकटा, मग त्यांची आई. मी तिघांनाही तपासले, पथ्य सांगितले, विश्रांती सांगितली आणि तिघेही बरे झाले म्हणून समाधान मानले. पाणी कोठून भरता, असे मी एकदाही विचारले नाही. पुढे कळले की त्यांच्या गल्लीतली नळवाहिनी गटारातून गेली होती. पाणी दिवसाआड येत असे. वाहिनी रिकामी असताना तिच्यातला दाब उतरतो आणि फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते; दुसऱ्या दिवशी तीच तोटीतून घागरीत येते. त्या गल्लीत आणखी किती जण आजारी पडले असतील, याचा हिशेब माझ्या वहीत नाही. माझ्या प्रदीर्घ व्यवसायातली ही चूक मी आज प्रथमच कागदावर उतरवीत आहे.

आज छत्रपती संभाजीनगरला पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडीहून, पंपांनी चढवून. आणि तेथील नागरिकांना नळाला पाणी येण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहण्याचे प्रसंग आले आहेत. आपण हैदराबादकरांनी त्यावर हसू नये. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने आखलेली योजना पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) या जलाशयांच्या रूपाने उभी राहिली. त्यांच्या पाणलोटाला संरक्षण देणारा १९९६ चा शासकीय आदेश क्रमांक १११ त्यातील निर्बंधांसह २०२२ मध्ये मागे घेण्याचा निर्णय झाला. जवळच्या पाण्याची वाट आपण मोकळी ठेवली नाही, म्हणून कृष्णा-गोदावरीचे पाणी दूरवरून आणून आपण पितो. डोंगरमाथा उघडा पडला की झरा आटतो, हा धडा गंडीपेटच्या काठी राहणाऱ्यांनाही लागू आहे.

निघताना मी हौदाच्या पाण्यात हात घातला. पाणी गार होते. ओंजळ तोंडाकडे जाणार तोच मित्राने हात धरला. "नको. तपासल्याशिवाय नको. वरून वस्ती झाली आहे." ज्या पाण्यासाठी एके काळी लोक दुवा देत, त्याची तपासणी करण्याची वेळ आपण आणली. माझ्या मते या भेटीतील सर्वांत बोचरे वाक्य तेच होते. खाम नदीच्या शुद्धीकरणाचे काम अलीकडच्या वर्षांत तेथील महापालिका व नागरिकांनी नेटाने चालवले आहे, ही त्यातली आशेची बाजू.

वाचकहो, पाणचक्की अवश्य पाहा. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर धार भरून वाहताना दिसेल. मात्र आमच्या मित्राने सांगितले तसे उलटीकडून पाहा : आधी डोंगर, मग गवतातला उसासा, मग शहराखालची वाट आणि सर्वांत शेवटी जाते. आणि आपण जे वैद्यकीय व्यावसायिक आहोत, त्यांनी परतल्यावर एक लहानशी गोष्ट करावी. पोटाचा विकार वा कावीळ घेऊन रुग्ण समोर आला की नाडी पाहता पाहता त्याला एक प्रश्न विचारावा : "पाणी कुठून भरता?" मी आता विचारतो. गेल्या पावसाळ्यात या एका प्रश्नामुळे एका गल्लीतली गटारातली वाहिनी बदलली गेली. त्या गल्लीतून यंदा कावीळ झालेला एकही रुग्ण माझ्याकडे आलेला नाही.