परमुलखातले घर : गलाई कुटुंबांची दोन दप्तरे

माणदेशात ‘परमुलूख’ म्हणजे समुद्रापलीकडचा देश नव्हे. त्रिचूर, कोईमतूर, मदुराई, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली हा आमचा परमुलूख. आटपाडी, विटा, खानापूर या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्पिढ्या तिकडे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. पाऊस तोकडा आणि माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी, म्हणून घरटी एक तरी पोरगा गलाईला, ही इथली रीत झाली. या माणसांच्या कष्टांवर आणि यशावर थोडेफार लिहिले गेले आहे. मला कुतूहल आहे ते त्यांच्या घराचे. परक्या भाषेच्या गावात घर विकत घेताना नेमके काय घडते? दिवाळीला आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला गावी येणाऱ्या कुटुंबांशी बोलून आणि त्यांच्या पेट्यांतले कागद पाहून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

घरांचा क्रम आधी ध्यानात घेतला पाहिजे. पहिली कमाई गावातल्या बंगल्यात जाते. तो वर्षातले अकरा महिने कुलपात असतो. तिकडे मात्र भाड्याची खोली, नाहीतर दुकानाचाच माळा. याला कारण धंद्याचे स्वरूप. जुन्या सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून वितळवतात, तो रस पाण्यात ओतून त्याचे कण करतात आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. या कामात तपकिरी, घसा जाळणारा धूर निघतो. एकटा गडी त्याच्या शेजारी निजतो. बायको-मुले आली की ते चालत नाही. मी विचारलेल्या बहुतेकांनी घर घेण्याचे कारण पैसा आला हे सांगितले नाही. मुलांची शाळा हे सांगितले. मुलगी मल्याळम किंवा तमिळ शाळेत चौथी-पाचवीत गेली, की घराचा विषय निघतो.

कायद्याची आडकाठी फारशी नाही. राज्यघटनेच्या 19व्या अनुच्छेदाने भारतात कुठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खतानेच होते, आणि 1908चा नोंदणी कायदा सर्वत्र जवळपास सारखाच चालतो. अडचण भाषेची आहे. नोंदणी अधिकाऱ्याला न समजणारा आणि त्या जिल्ह्यात न वापरला जाणारा भाषेतला दस्त भाषांतर जोडल्याशिवाय स्वीकारला जात नाही. म्हणून खरेदीखत बहुधा स्थानिक लिपीत किंवा इंग्रजीत तयार होते. जन्मभराची मिळकत ज्या कागदावर उतरते, तो कागद घेणाऱ्याला वाचता येत नाही.

न कळणाऱ्या शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. केरळात ‘आधारम्’ म्हणजे खरेदीखत. आपल्या माणसाला आधार कार्ड आठवते. विकणाऱ्याकडे मालकी ज्या खताने आली ते ‘मुन्नाधारम्’, आणि ते पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. आपल्याकडे पट्टा म्हणजे भाडेपट्टा. तमिळनाडूत ‘पट्टा’ हा महसूल दप्तरातला मालकाच्या नावचा उतारा. तिथला ‘विल्लंगम’ दाखला म्हणजे मिळकतीवरच्या बोजाचा दाखला. बंगळुरात ‘खाते’ बँकेचे नसून महापालिकेच्या करनोंदीचे असते. बंगालीत ‘दलिल’ म्हणजे दस्त आणि ‘परचा’ म्हणजे उतारा.

मोजमापाचीही तीच कथा. आपला गुंठा 1,089 चौरस फुटांचा, तर दक्षिणेतला सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग, 435.6 चौरस फूट. म्हणजे अडीच सेंटचा एक गुंठा आणि पाच सेंटचे दोन गुंठे. चेन्नईचा ‘ग्राउंड’ 2,400 चौरस फुटांचा, कोलकात्याचा कट्ठा 720चा, दिल्लीचा गज नऊ चौरस फुटांचा. भाव ऐकताना हा हिशेब मनात नसेल, तर स्वस्त काय आणि महाग काय हेच उमगत नाही.

याहून मोठा गैरसमज नोंदीविषयी आहे. सातबारा असो, पट्टा असो की खाते, नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे आपण धरून चालतो. या नोंदी मुख्यतः करवसुलीसाठी असतात आणि फेरफाराने मालकी मिळत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मालकी ठरते ती खतांच्या अखंड साखळीवरून. दिल्लीत कुलमुखत्यारपत्रावर घरे घेण्याची रूढी होती. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यवहाराने मालकी जात नाही, असा निकाल दिला. मागच्या तीस वर्षांची खते, बोजाचा दाखला आणि जागेची प्रत्यक्ष मोजणी, या तीन गोष्टी स्थानिक वकिलाकडून तपासून घ्याव्यात. तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

आता या विषयाची दुसरी बाजू, जिच्याकडे दुर्लक्ष होते. तिकडच्या घरासाठी रक्कम कमी पडली की गावची जमीन विकायची वेळ येते. महाराष्ट्रात 1948च्या कूळ कायद्याच्या 63व्या कलमाप्रमाणे, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून अर्धी जमीन विकणे वेगळे आणि शेवटचा गुंठा विकणे वेगळे. शेवटचा गुंठा गेला की शेतकरी म्हणून असलेली ओळख धोक्यात येते आणि परतीची वाट अवघड होते. ज्यांनी तो राखला, त्यांनी पिकासाठी राखला नव्हता, हे त्यांच्या बोलण्यातून स्पष्ट होते.

तिकडे घर झालेल्या एका कुटुंबाच्या घरी मी दोन दप्तरे पाहिली. एकात सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, वारसनोंदीचे उतारे. दुसऱ्यात मल्याळम खरेदीखत आणि कराच्या पावत्या. नोंदणीच्या आदल्या रात्री ते खत बारा वर्षांच्या मुलीने ओळीओळीने वाचून बापाला मराठीत सांगितले होते. चतुःसीमेतली एक दिशा चुकली आहे, हेही तिच्याच ध्यानात आले. तीच मुलगी माझ्यासमोर सातबारा हातात घेऊन बसली होती. अक्षरे तिला लावता येत होती, पण पोटखराबा, इतर हक्क, भोगवटादार यांतले काहीच तिला कळत नव्हते.

बापाला तिकडचा कागद वाचता येत नाही आणि लेकीला इकडचा. ज्या दिवशी ही दोन्ही दप्तरे तिच्या हाती येतील, त्या दिवशी समजावून सांगायला कोणी नसेल. म्हणून घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी, असे मला वाटते. दोन्हीकडच्या मिळकतींचे गट व सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा, खताची तारीख, दस्त क्रमांक, वारस कोण आणि कर कुठे भरायचा, हे सगळे तिच्यात दोन्ही भाषांत लिहावे. मराठी पान बापाने लिहावे, मल्याळम पान लेकीने, आणि मग एकमेकांना वाचून दाखवावे. यासाठी वकील लागत नाही. दिवाळीची सुट्टी पुरते.