चार तळहातांएवढी जमीन

एक साधा हिशेब करून पाहा. मधल्या आकाराची घरगुती गाडी, आत पाच माणसे, डिकीत सामान. एकूण वजन धरू १४०० किलो, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला ३५० किलो. टायरमधली हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. ३५० ला सव्वादोनने भागले की १५५ येतात. टायरच्या भिंती थोडा भार उचलतात हे खरे, पण बाकी सारा डोलारा हवा पेलते, आणि ती पेलण्यासाठी टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे १५५ चौरस सेंटिमीटर असावा लागतो. मोठ्या माणसाचा बोटांसकट तळहात साधारण एवढाच असतो. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचा प्रत्येक ब्रेक आणि प्रत्येक वळण अशा चार तळहातांएवढ्या जागेतूनच रस्त्यापर्यंत पोचते. ब्रेक कितीही उत्तम असोत, ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर.

म्हणून टायर बदलण्याची वेळ आली की त्या वस्तूकडे थोडा वेळ नीट पाहावे. तिच्या पोटात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची रसायनविद्या आहे.

रबराचा चीक पांढरा असतो. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडाचे बी हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात नेले, आणि तिथून ते झाड आशियात पसरले. भारतात त्याचे मुख्य घर केरळ. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही रबराच्या बागा आहेत. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ताठरते, त्यामुळे ते चाकाच्या कामाचे नव्हते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाला आढळले, की गंधक मिसळून तापवले तर रबराचा स्वभावच पालटतो. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये पूल बांधतात, त्यामुळे ताणलेले रबर पुन्हा मूळ जागी येते. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये घेतले. त्याची चाके घोडागाड्यांना लावूनही पाहिली गेली, पण काळ अजून तयार नव्हता आणि कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली, आणि या वेळी जगाने ती उचलली.

टायर काळा दिसतो तो काजळीमुळे. कारखान्यात तयार केलेली अतिसूक्ष्म काजळी रबरात मिसळली की त्याची झीज कितीतरी पटींनी कमी होते. १९४६ मध्ये मिशलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. भिंत हवी तशी लवते, पण रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. आज घरगुती गाडीसाठी दुकानात मिळणारा टायर हा रेडियलच असतो.

यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि निवडीच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. टायरकडून आपण तीन गोष्टी मागतो: तो लवकर झिजू नये, त्याने इंधन कमी खावे आणि ओल्या रस्त्यावर घट्ट धरावे. या तिन्ही एकमेकींच्या आड येतात. ओल्या रस्त्याला धरायचे तर रबराने खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून ऊर्जा गिळली पाहिजे. पण ऊर्जा गिळणारे रबर नुसते धावतानाही ऊर्जा गिळते, तापते आणि पेट्रोल खाते. या पेचातून वाट निघाली ती एका सूक्ष्म फरकामुळे. चाक फिरते तेव्हा रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला दहा-पंधरा वेळा दबतो. ब्रेक लावल्यावर मात्र रस्त्याच्या खरखरीवरून घसटताना तोच तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. संथ दाबाला कमी ऊर्जा गिळणारे आणि वेगवान थरथरीला जास्त गिळणारे रबर बनवता आले तर? सिलिका, म्हणजे वाळूचाच अतिशुद्ध, अतिसूक्ष्म प्रकार, काजळीऐवजी घातला की हे साधते. सिलिका आणि रबर यांचे मुळात जुळत नाही, म्हणून त्यांना जोडणारे सिलेन नावाचे रसायन मधे घालावे लागते. मिशलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला, आणि आज चांगल्या प्रतीच्या बहुतेक कार टायरांत सिलिका असते. एकाच रबराने दोन वेगळ्या कंपनांना दोन वेगळी उत्तरे द्यावीत, हे मला या साऱ्या विद्येतले सर्वांत सुंदर काम वाटते.

तरीही तीन मागण्यांची ओढाताण पूर्ण संपलेली नाही. 'जास्त किलोमीटर चालतो' म्हणून विकला जाणारा टायर बहुधा थोड्या कडक रबराचा असतो, आणि त्याची किंमत ओल्या रस्त्यावर मोजावी लागू शकते. वर्षाचे चार महिने पावसात गाडी चालवणाऱ्या महाराष्ट्र-गोव्यातल्या कुटुंबाने आधी ओल्या रस्त्यावरची पकड विचारावी आणि मग आयुष्य, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, धावतानाचा रोध आणि आवाज यांचे किमान निकष अधिसूचित केले. सर्व कार टायरांवर आयएसआय चिन्ह तर असलेच पाहिजे. ते नसलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता टायरच्या भिंतीवरची अक्षरे वाचू. उदाहरण घेऊ १८५/६५ आर १५ ८८ एच. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. रिमचा व्यास १५ इंच. ८८ हा भारांक, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी योग्य. आपल्याकडे इतक्या वेगाने कोण जातो, असे वाटेल. पण हे अक्षर मुळात उष्णता सोसण्याची ताकद सांगते, आणि उन्हाळ्यातल्या विदर्भात ती ताकद ताशी शंभरलाही कामी येते. गाडीसोबत आलेल्या टायरांपेक्षा भारांक आणि वेगाचे अक्षर खालचे घेऊ नये. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर भारांकाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ते वजन मागच्या दोन चाकांवर कायमचे बसलेले असते.

योग्य माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. हवेचा दाबही तिथेच असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब ही वरची मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. 'एक साइज मोठा टाका, गाडी भारदस्त दिसेल' हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. १८५/६५ च्या जागी २०५/६५ टाकला तर चाकाचा व्यास सुमारे चार टक्के वाढतो. मीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी १०४ ने पळत असते, स्टिअरिंग जड होते, इंधन जास्त लागते आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला घासू शकतो. १९५/६० टाकला तर व्यासातला फरक जेमतेम एक टक्का येतो, पण तोही रिमची रुंदी आणि भारांक तपासून, कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

भिंतीवर आणखी एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. रबर पडून पडूनही म्हातारे होते. हवेतला ओझोन त्याच्या साखळ्या तोडतो, म्हणून त्यात विशिष्ट मेण मिसळलेले असते. टायर फिरताना लवतो तेव्हा हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर बनवते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की मेण वर येत नाही आणि भिंतीला बारीक भेगा पडतात. कमी चाललेल्या गाडीचे टायर नव्यासारखे दिसतात आणि तरी निकामी असू शकतात, ते याच कारणाने. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नयेत, अशी अनेक टायर कंपन्यांची शिफारस आहे. काही गाडी उत्पादक तर सहा वर्षांतच बदला म्हणतात. सेकंडहँड टायर घेऊच नये. तो आत किती तापला आणि किती वेळा खड्ड्यात आपटला, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही.

नक्षी किती उरली हे पाहणे सोपे आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. खाचांच्या तळाशी लहान आडवे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही संपला. पण आपल्या पावसात तिथवर थांबणे मला पटत नाही. ३ मिलिमीटर राहिले की पावसाळ्याआधी बदलावेत. खाचांचे काम पाणी बाहेर ढकलण्याचे. पाण्याचा थर त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. १९६० च्या दशकात नासाच्या लँग्ली केंद्रातल्या संशोधकांनी विमानाच्या चाकांवर प्रयोग करून याचे सूत्र काढले: टायरमधल्या पीएसआयचे वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणा, म्हणजे तरंगण्याचा वेग नॉट्समध्ये मिळतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला सुमारे ८२. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण झिजलेल्या टायरात हवाही कमी असेल तर धोका किती अलीकडे येतो याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

हवा कमी असण्याचा दुसरा तोटा उन्हाळ्यात दिसतो. भिंत जास्त लवते, आतून तापते आणि थर सुटू लागतात. वर सांगितलेल्या मापाचा टायर किलोमीटरमागे पाचशेहून अधिक वेळा फिरतो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर त्याचे साडेतीन लाखांहून अधिक फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात भिंत एकदा दबून सरळ होते. वेगवान काँक्रीट रस्ता, रखरखीत ऊन आणि जुने टायर यांचा मेळ किती घातक आहे हे त्या रस्त्याने दाखवून दिले; परिवहन विभागाला तिथे वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी तपासावी. तापलेल्या टायरमधून 'हवा जास्त झाली' म्हणून काढणे ही मोठी चूक आहे. नायट्रोजनबद्दल विचाराल, तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. दर पंधरवड्याला दाब तपासणाऱ्याला त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

जुना टायर उतरवताना त्याची झीज पाहून घ्यावी. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी. एकाच कडेला झिजला असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडलेले आहे, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय नवे टायर बसवणे म्हणजे पैसे रस्त्यावर घासून टाकणे. भिंतीला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. तो टायर त्याच दिवशी बदलावा.

शक्यतो चारही टायर एकदम, एकाच प्रकारचे घ्यावेत. बजेट दोनचेच असेल तर नवे दोन मागे बसवावेत. दुकानदार ते पुढे बसवू पाहील, कारण पुढची चाके ओढतात आणि वळतात. पण ओल्या घाटात पुढची चाके घसरली तर ड्रायव्हरला ते स्टिअरिंगमधून कळते, आणि वेग कमी केल्यावर गाडी बहुधा ताब्यात येते. मागची चाके सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

शेवटी दुकानात उभ्या असलेल्या वाचकाला एवढेच सांगणे. टायर रिमवर चढण्याआधी भिंतीवरचे माप, भारांक आणि उत्पादनाचे चार आकडे स्वतः वाचा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, प्रत्येक टायरला नवा वॉल्व्ह लावायला सांगा, आणि बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीसाठी तो लागतो. नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळण टाळा. आणि घरी परतण्याआधी डिकी उघडून स्टेपनीची तारीखही वाचा. ती बहुतेक गाड्यांत गाडीइतकीच जुनी असते.