लाटांच्या गांवीं बिऱ्हाड कोठें करावें?

परगांवीं मुक्काम करावयाचा झाला म्हणजे आपण प्रथम खोली पाहतों. भिंती स्वच्छ आहेत कीं नाहींत, पंखा फिरतो कीं नाहीं, खिडकींतून काय दिसतें आणि भाडें किती, एवढें विचारलें कीं आपली चौकशी संपली. शहरांत एवढें पुरतें. परंतु ज्या गांवाचा सारा व्यवहार समुद्राच्या लाटांवर चालतो, तेथें ह्यांच्या आधीं दुसरेच कांहीं प्रश्न विचारावे लागतात. आणि ते न विचारतां गेलेला मनुष्य उत्तम खोलींत राहूनहि फसतो, प्रसंगीं जिवावरच्या संकटांतहि सांपडतो. हल्लीं आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कांहीं तरुण फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ शिकण्यासाठीं लंकेस जाऊं लागले आहेत, आणि 'मुलानें तेथें उतरावें कोठें?' असें त्यांचे वडील आम्हांस विचारतात. म्हणून लंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आरुगम बे ह्या लहानशा गांवाचें उदाहरण घेऊन हा विषय थोड्या विस्तारानें सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या खेळास सर्फिंग म्हणतात. तो आतां केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाहीं; २०२१ सालीं तोकियो येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्यास प्रथमच स्थान मिळालें. आरुगम बे हें गांव कोलंबोहून रस्त्यानें सुमारें ३२० किलोमीटर दूर आहे. रेल्वे तेथवर जात नाहीं. डोंगरांतील बदुल्लापर्यंत आगगाडीनें जाऊन पुढें मोनरागलावरून मोटारीनें पोतुविल गांठावें लागतें. पोतुविल हें बाजारपेठेचें गांव. त्याच्या दक्षिणेस खाऱ्या पाण्याचें एक खाजण आहे, त्यावरील पूल ओलांडला कीं आरुगम बे लागतें. एक रस्ता, त्याच्या एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास वस्ती, नारळीचीं झाडें आणि मागें खाजण, असा ह्या गांवाचा एकंदर नकाशा आहे.

आतां पहिला प्रश्न खोलीचा नव्हे, तर महिन्याचा. मृगाच्या सुमारास आमच्या कोंकणांतील कोळी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रास हात लावीत नाहींत. कारण नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून जमिनीवर येतो, पाणी खवळतें आणि लाटा एकमेकींवर आदळून नुसता फेस होतो. तोच वारा लंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस पाडतो, मध्यभागींच्या डोंगरांवर उरलासुरला रिता करतो आणि पलीकडे उतरतो तो कोरडा होऊन. महाबळेश्वरीं धो धो कोसळणारा पाऊस माण तालुक्यांत कां पोंचत नाहीं, हें ज्या विद्यार्थ्यांनीं भूगोलांत वाचलें आहे, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. परंतु गंमत पुढेंच आहे. पूर्व किनाऱ्यावर हाच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे येणाऱ्या लाटेस तो समोरून अडवितो. त्यामुळें लाटेचा माथा लवकर कोसळत नाहीं. ती उभी राहते, गुळगुळीत राहते आणि कांठाकांठानें क्रमाक्रमानें फुटत जाते. स्वारास हवी असते ती अशीच लाट. लाटा मात्र त्या वाऱ्यानें उत्पन्न केलेल्या नव्हेत. त्या दूर दक्षिणेकडील महासागरांतील हिंवाळी वादळांत जन्मून हजारों किलोमीटर चालत आलेल्या असतात. दक्षिण गोलार्धांत हिंवाळा असतो तेव्हां आपल्याकडे उन्हाळा-पावसाळा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे मे ते सप्टेंबर हा आरुगमचा हंगाम कां, ह्याचा उलगडा होतो.

डिसेंबरांत सारें उलटतें. ईशान्येचा वारा सुरू होऊन पूर्व किनाऱ्यावर पाऊस येतो, आणि पुष्कळशीं निवासस्थानें कुलुपें लावून बसतात. नाताळच्या सुटींत आरुगमला स्वस्त खोली मिळाली म्हणून आनंद मानणाऱ्यास समुद्र मिळत नाहीं. त्यानें त्या दिवसांत दक्षिण किनाऱ्यावर वेलिगामास जावें. तेथील वाळूच्या तळाचा उपसागर नवशिक्यास अधिक मानवतोहि.

महिना ठरला म्हणजे दुसरा प्रश्न येतो, उपसागराच्या कोणत्या टोंकास राहावें? दक्षिणेच्या टोंकास एक भूशिर समुद्रांत शिरलेलें आहे. दक्षिणेकडून येणारी लाट त्याच्याशीं पोंचली कीं तिचें आंतलें टोंक उथळ पाण्यांत सांपडून मंदावतें, बाहेरचें टोंक खोल पाण्यांत त्याच वेगानें पुढें जातें, आणि सबंध लाट भूशिराभोंवतीं वळते. कवाईत करतांना मुलांची रांग वळते, तेव्हां आंतला मुलगा जागच्या जागीं पाय आपटतो आणि बाहेरचा लांब ढांगा टाकतो, तसाच हा प्रकार. ह्या जागेस मेन पॉइंट म्हणतात. चांगल्या दिवशीं तेथें एकाच लाटेवर कांहींशे मीटर जातां येतें, म्हणून जगांतील निपुण स्वार तेथें जमतात आणि भूशिराजवळच्या खोल्यांस भाडेंहि जास्त पडतें. पहांटे उजाडतां उजाडतां वारा मंद आणि अनुकूल असतो. दुपारनंतर समुद्रवारा उठून लाटा विस्कटतात. म्हणून फळी काखेंत मारून दहा मिनिटांत पाण्याशीं पोंचतां येणें ही निपुण मनुष्याची खरी गरज आहे.

नवशिक्याची ती गरज नव्हे, हें आम्ही मुद्दाम सांगतों. मेन पॉइंटचा तळ खडकाळ आहे. शिवाय फुटत्या लाटेच्या सर्वांत जवळ जो असेल त्याचा तिच्यावर हक्क, असा ह्या खेळाचा नियम आहे. तो न कळून मध्यें घुसणारा मुलगा स्वतः पडतो, दुसऱ्यासहि पाडतो आणि दोन जड फळ्या पाण्यांत मोकळ्या सुटतात. डोक्यास लागतें तें बहुधा फळीचेंच. पहिलें वर्ष शिकणाऱ्यानें भूशिराच्या आंतल्या बाजूस, लाट थकून लहान झालेली असते तेथें, किंवा वाळूचा तळ असलेल्या दुसऱ्या जागीं शिक्षकाबरोबर जावें. पोतुविलच्या उत्तरेस व्हिस्की पॉइंट आणि दक्षिणेस पीनट फार्म अशा जागा आहेत. तेथें रिक्षानेंच जावें लागतें. मग भूशिराशेजारच्या महागड्या खोलीचा उपयोग काय? गांवाच्या मध्यभागीं, रस्त्यालगत, रिक्षा सहज मिळेल अशा ठिकाणीं उतरणें त्यास सोयीचें, आणि त्याच्या वडिलांच्या खिशासहि सोयीचें. नुसतें पोहावयाचें असेल तर मात्र दक्षिणेकडे कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात तो कांठ बरा. उपसागराच्या उघड्या मध्यभागीं पाण्यास ओढ असते.

एक सूचना येथेंच देतों. पनामाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रानटी हत्ती येतात. संध्याकाळीं अंधार पडल्यावर त्या बाजूच्या एकाकी झोंपडींत परतावें लागेल असें बिऱ्हाड, मग तें चित्रांत कितीहि रम्य दिसो, मुलांसाठीं घेऊं नये.

तिसरा प्रश्न रस्त्याच्या कोणत्या अंगास राहावें, हा आहे. समुद्राकडील अंगाची ओढ प्रत्येकास असते. आमच्या कोंकणांत सूर्य समुद्रांत मावळतो; तेथें तो समुद्रांतून उगवतो, आणि तो देखावा अंथरुणावरून पाहण्यासाठीं लोक दुप्पट भाडें देतात. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु २६ डिसेंबर २००४ ची सकाळ त्यांनीं विसरूं नये. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशीं भूकंप झाला आणि सुमारें दोन तासांत त्सुनामीच्या लाटा लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर चढल्या. आरुगम ज्या अंपारै जिल्ह्यांत आहे, त्या एका जिल्ह्यांत दहा हजारांहून अधिक माणसें मेलीं. गांवांतील घरें वाहून गेलीं. खाजणावरील पूल मोडून पोतुविलशीं असलेली सरळ वाट बंद झाली. तो महिना पाहुण्यांचा नव्हता, म्हणून पाहुणे थोडे होते. गांवचे लोक मात्र गांवांतच होते.

त्यानंतर सरकारनें पूर्व किनाऱ्यावर पाण्यापासून २०० मीटरांच्या आंत घरें बांधूं नयेत अशी मर्यादा घातली. ज्यांचें पोट किनाऱ्यावरच त्यांनीं तिला विरोध केला, आणि पुढें ती पुष्कळ शिथिल झाली. होडी दृष्टीआड ठेवून कोळ्यास झोंप कशी यावी? तथापि पाहुण्यास तसें बंधन नाहीं. दोन-तीन आठवड्यांपुरती जागा तो कोठेंहि निवडूं शकतो. दक्षिणेस याला येथें असें दिसून आलें कीं, जेथें वाळूच्या टेकड्या शाबूत होत्या तेथें हानि कमी झाली, आणि समुद्र नीट दिसावा म्हणून जेथें टेकडीचा भाग काढून टाकला होता तेथील निवासस्थान पार नष्ट झालें. तेव्हां समोर वाळूचा उंचवटा आणि झाडें राखलेलीं आहेत, असें घर उघड्या देखाव्याच्या घरापेक्षां आम्ही केव्हांहि पसंत करूं. हिंदी महासागरासाठीं इशारा देणारी यंत्रणा २०११ पासून चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु धक्का दूर समुद्रांत झाल्यास तो किनाऱ्यावर जाणवेलच असें नाहीं. म्हणून उतरल्या दिवशींच यजमानास विचारावें कीं, समुद्र एकाएकीं मागें हटला किंवा भोंगा वाजला, तर उंच जागा कोणती आणि तिकडे पायीं जाण्याची वाट कोणती? मागें खाजण असल्यामुळें सरळ आंत पळणें प्रत्येक घरापासून साधत नाहीं. ज्या घरीं ह्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ मिळतें, तें घर चांगलें. मुलगा एकटा जात असेल तर वडिलांनींच हा प्रश्न आधीं दूरध्वनीवरून विचारावा. यजमान हंसणार नाहीं.

खोलीविषयीं आतां थोडक्यांत सांगतों. हंगामांत तिकडे पाऊस फारसा पडत नाहीं, आणि किनाऱ्यावरील विहिरींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. उपसा फार झाला कीं खालचें खारें पाणी वर येऊन विहीर मचूळ होते. कोंकणांतील मंडळींस हा अनुभव नवा नाहीं. म्हणून नळाखालीं तासभर उभें राहण्याची संवय घरींच ठेवून जावें, आणि पिण्याचें पाणी कोठून येतें तें विचारून घ्यावें. नारळीच्या झापांनीं शाकारलेली, दोहीं अंगांनीं उघडी खोली बंद सिमेंटच्या खोलीहून थंड असते. खिडकी जमिनीच्या बाजूस असल्यास हंगामांतील वारा आंत येतो, आणि पूर्वेस तोंड असलेली खोली सकाळीं आठलाच तापते. मच्छरदाणी पाहावीच. लंकेंतून हिंवताप नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ मध्यें जाहीर केलें. डेंग्यू मात्र गेलेला नाहीं. सरकारी रुग्णालय पोतुविल येथें आहे.

राहिली माणसांची गोष्ट. त्या भागांत मुसलमान, तमिळ आणि सिंहली अशी तिन्ही लोकांची वस्ती आहे. १९८३ पासून २००९ पर्यंत चाललेल्या युद्धाची झळ त्यांस लागली, मध्यें समुद्र चढला, आणि तरीहि त्यांनीं घरें पुन्हां उभारलीं. पोहण्याच्या तोकड्या वस्त्रांत वस्तींतून हिंडणें त्यांस रुचत नाहीं. रात्रीं उशिरापर्यंत वाजणारें संगीतहि सर्वांस रुचत नाहीं, आणि तें जेथें चालतें त्या जागेच्या आसपास कुटुंबवत्सल मनुष्यानें उतरूं नये. जुलैच्या सुमारास पोतुविल, ओकंद ह्या वाटेनें कतरगामच्या मुरुगन दैवताची पायीं यात्रा जाते. तेथील एसल महिना म्हणजे आपला आषाढच; तेव्हां पंढरीच्या वाटेवरच्या वाचकांस ती ओळखीची वाटेल.

मोठ्या हॉटेलापेक्षां घराच्या दोन खोल्या भाड्यानें देणाऱ्या कुटुंबाकडे राहावें, असें आमचें मत आहे. भाडें त्याच घरांत राहतें, आणि समुद्र आज कसा आहे हें पुस्तकी नव्हे असें ज्ञान सकाळच्या चहाबरोबर मिळतें. जुलै-ऑगस्टांत गर्दी फार, म्हणून मे किंवा सप्टेंबर पाहावा. त्या महिन्यांत भाडेंहि बोलून थोडें कमी होतें. जेवण मात्र अशा घरीं आयतें तयार नसतें. रात्रीं भात आणि चार-पांच कालवणें हवीं असतील तर सकाळीं समुद्रावर निघण्यापूर्वींच घरच्या बाईंस सांगून जावें, कारण नारळ खवावयाचा असतो आणि मासळी होड्या परततील तेव्हांच घ्यावयाची असते.